कुलूप-किल्लीची उपमा कुठवर?

प्रतिपिंडे शिकवताना पुस्तके हमखास कुलूप-किल्लीची उपमा देतात. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये ती विकरांसाठी, म्हणजे एन्झाइमांसाठी योजली होती. उपमा सोपी आहे. पण तिच्यामुळे ‘एक प्रतिपिंड, एकच प्रथिन’ ही समजूत रुजते, हा आमचा आक्षेप आहे.

यकृतातील सायटोक्रोम पी-४५० या विकरांचेच पाहा. अनेक औषधांचे शरीरात रूपांतर होते ते यांच्यामुळे. माणसात त्यांची ५७ जनुके आहेत. त्यांतील २सी९ आणि २सी१९ ही जणू सख्खी भावंडे! दोघांची साखळी ४९० अमिनो आम्लांची, फरक फक्त ४३ ठिकाणी. मग सशाला २सी९ टोचून मिळवलेली प्रतिपिंडे २सी१९लाही चिकटली, तर नवल ते काय?

यकृताच्या अर्कात अशी प्रतिपिंडे घातली आणि औषधाचे रूपांतर मंदावले, तर हे काम २सी९चेच होते असे म्हणता येईल का? रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरिनचा अधिक प्रभावी भाग मुख्यतः २सी९ मोडते. अशा औषधाबाबत विकर ओळखण्यात चूक झाली, तर मात्रेचा अंदाजही चुकेल. म्हणूनच प्रत्येक विकर वेगवेगळे घेऊन प्रतिपिंडे आधी पारखून घ्यावी लागतात.

उपमा टाकून द्यावी, असे आम्ही म्हणत नाही. एकच किल्ली दोन कुलपांना लागते, हे मुलांनी घरी पाहिलेले असते. तेव्हा उपमेपाठोपाठ एक प्रश्नही शिकवावा: ही किल्ली शेजारच्या कुलपात घालून पाहिली का?