उत्स्फूर्त वादन आणि स्वरलेख : इंग्लंडमधील ऑर्गनवादनाच्या अनुषंगाने

ऑर्गन म्हणताच मराठी वाचकाच्या कानांत संगीत रंगभूमीवरील पायपेटी घुमू लागते. येथे अभिप्रेत असलेला ऑर्गन त्याहून वेगळा, हजारो नळ्यांचा आणि चर्चच्या वा सभागृहाच्या वास्तूशी एकजीव झालेला आहे. १८७१ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील हेन्री विलिसनिर्मित नवा ऑर्गन वाजविण्यास परदेशी वादकही आले. ऑस्ट्रियाचा ब्रुकनर व फ्रान्सचा सें-सांस हे त्यांपैकी होत. ब्रुकनरने हॅण्डेलच्या सुपरिचित स्वरवाक्यांवर उत्स्फूर्त वादन केले. त्याचा स्वरलेख मागे उरला नाही. उरली ती कीर्ती. कीर्तीवरून कलेचे मूल्यमापन करणे ही समीक्षेतील जुनी खोड आहे.

इंग्लंडच्या सभागृहांतील परंपरा मात्र निराळ्या वळणाची होती. लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये १८५५ पासून सुमारे चार दशके वादक असलेल्या डब्ल्यू. टी. बेस्टची ख्याती प्रामुख्याने वाद्यवृंदाच्या रचनांच्या ऑर्गनवरील रूपांतरांसाठी होती. ज्या श्रोत्यांना वाद्यवृंद क्वचितच ऐकावयास मिळे त्यांना ती मोठीच देणगी होती. तेव्हा इंग्रज वादकांस प्रतिभा नव्हती हा निष्कर्ष उतावळेपणाचा ठरेल. फ्रान्समधील कॅथलिक उपासनेत गायन व ऑर्गन आलटून-पालटून येत, त्यामुळे वादकाला दर आठवड्यास नवरचना करणे भागच पडे; अँग्लिकन उपासनेत उत्स्फूर्त वादनाचे काम बहुधा मोकळ्या जागा भरून काढण्यापुरते असे. भेद आहे तो मागणीचा.

या फ्रेंच परंपरेतील मार्सेल द्युप्रेने १९२१ साली फिलाडेल्फियात, श्रोत्यांनी सुचविलेल्या धार्मिक सुरावटींवर चार भागांची सिंफनी आयत्या वेळी रचली. पुढे ती 'सिंफनी-पॅशन' या नावाने लिहून काढून १९२४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमध्ये वाजविली. रचना थोर आहे, यात संशय नाही. परंतु तिला फिलाडेल्फियातील त्या वादनाचा पुरावा मानता येत नाही. स्मृतीने आणि लेखणीने मध्यंतरी काय गाळले, काय सावरले, हे सांगण्यास त्या वादनाचे ध्वनिमुद्रण नाही. लेखणीला खोडण्याची मुभा असते, बोटांना नसते.

तुर्नमीरच्या पाच उत्स्फूर्त रचनांची गोष्ट वेगळी आहे. १९३०-३१ च्या सुमारास त्या ध्वनिमुद्रित झाल्या, आणि त्याच्या मृत्यूनंतर शिष्य द्यूरुफ्लेने मुद्रिका ऐकून लिहिलेले त्यांचे स्वरलेख १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. येथे कागदाच्या मागे नाद उभा आहे, आणि लिहिणाराही वादक स्वतः नव्हे. (मुद्रिकेची एक बाजू चारपाच मिनिटांची, हा काच मात्र विसरता येत नाही.)

पीटर हर्फर्डने १९६३ साली सेंट ऑल्बन्स येथे सुरू केलेल्या आंतरराष्ट्रीय ऑर्गन महोत्सवात लिखित रचनांच्या वादनासाठी व उत्स्फूर्त वादनासाठी स्वतंत्र स्पर्धा ठेवल्या गेल्या. एकाच वादकाच्या दोन कसोट्या वेगळ्या मानण्याचा हा विवेक इंग्रज भूमीवर रुजावा, आणि उत्स्फूर्त वादनाच्या पारितोषिकास नाव मात्र तुर्नमीरचे असावे, हे लक्षणीय आहे.