टिळक म्हणजे कोणते टिळक?

मराठीत एखादं आडनाव कुणाचं आहे हे त्याच्या शेजाऱ्यांवरून कळतं. 'आगरकर, टिळक, गोखले' म्हटलं की डोळ्यांपुढे पगडी येते. 'केशवसुत, टिळक, विनायक' म्हटलं की पगडी जाते आणि नारायण वामन येतात. दोन याद्या, दोन माणसं, आणि घोटाळा सहसा होत नाही. आधुनिक मराठी कवितेची यादी ही बहुधा एकच जागा असेल, जिथे नुसतं 'टिळक' म्हटल्यावर लोकमान्य आठवत नाहीत. बाकी सगळीकडे दुसऱ्या टिळकांना 'रेव्हरंड' लावून यावं लागतं. लोकमान्यांना 'लोकमान्य' लावलं नाही तरी चालतं.

या लेखात मला लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'बद्दल बोलायचं आहे. पण आडनावाचा हा हिशेब केल्याशिवाय त्या पुस्तकातली एक महत्त्वाची गोष्ट नीट दिसत नाही, असं माझं मत आहे. म्हणून थोडा फेरफटका.

पाट्यांवर टिळक एकच. पुण्यात टिळक रोडवर टिळक स्मारक मंदिर आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ १९२१ पासून आहे. मुंबईत हार्बर लाइनच्या टिळकनगरला उतरून चालत लोकमान्य टिळक टर्मिनसला जाता येतं. म्हणजे शेजारशेजारच्या दोन स्टेशनांत मिळून एकाच माणसाचं नाव, एकदा पदवीसह आणि एकदा पदवीविना. वास्कोत फुटबॉलचं टिळक मैदान आहे. पण पाटीवर लागलेलं नाव लोकांच्या तोंडी राहतंच असं नाही. टर्मिनसचं 'एलटीटी' झालं. लोकमान्य टिळक रुग्णालयात जाणारा माणूस 'सायन हॉस्पिटल'मध्येच जातो. गंमत म्हणजे १९०८ साली पुण्यात दारूच्या गुत्त्यांवर निरोधन करवणाऱ्या माणसाचं आडनाव आज ब्रँडी विकणाऱ्या एका कंपनीच्या नावात, टिळकनगर या गावाच्या वाटेनं, येऊन बसलं आहे. पाटीला मजकूर नसतो, त्यामुळे तिला कशाशीही विसंगती वाटत नाही.

नर्मदेपलीकडे तर आडनावाचं अक्षरच बदलतं. 'ळ' गळतो आणि 'तिलक' उरतो. दिल्लीत सर्वोच्च न्यायालय तिलक मार्गावर आहे, जवळच तिलक ब्रिज नावाचं स्टेशन. हिंदी कानाला ते कपाळावरच्या टिळ्याचं नाव वाटलं तर नवल नाही. दक्षिणेत आणखी वेगळं घडलं. लोकमान्य गेले त्याच्या पुढच्या वर्षी, १९२१ मध्ये, आंध्रात जन्मलेल्या एका मुलाचं नाव बाळगंगाधर टिळक ठेवलं गेलं. घराणं देवरकोंडा. हाच पुढे तेलुगू कवी झाला. 'अमृतं कुरिसिन रात्रि' या त्याच्या संग्रहाला मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच्या नावात व्यक्तिनाम, वडिलांचं नाव आणि आडनाव हे तिन्ही मिळून एक व्यक्तिनाम झालं आहे. तेलुगू वाचक त्याला 'तिलक' म्हणतात. म्हणजे कवितेच्या यादीत 'टिळक' म्हटल्यावर लोकमान्य आठवत नाहीत, अशी दुसरी भाषा सापडली. योगायोग आहे, पण मला आवडणारा.

आता घरात येऊ. दोन्ही टिळक कोकणातले, चित्पावन, वयात पाचएक वर्षांचं अंतर. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी मिशनऱ्यांच्या घरी चहा घेतला. नावं छापली गेली, ग्रामण्य उभं राहिलं, शंकराचार्यांचं कमिशन बसलं. त्या चहात लोकमान्यही होते, आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न त्यांनाही चुकला नाही. पाच वर्षांनी, १८९५ मध्ये, नारायण वामनांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. चहाच्या एका कपावर जो समाज इतका पेटतो, त्यात हे पाऊल म्हणजे काय होतं, ते 'स्मृतिचित्रे' वाचताना कळतं. इतिहासाच्या पुस्तकातून तितकं कळत नाही.

या उलथापालथीत आडनाव मात्र जागचं हललं नाही. काशीचे नीलकंठशास्त्री गोरे ख्रिस्ती होऊन नेहेम्या झाले होते. नारायण वामन नारायण वामनच राहिले. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तर हिशेब फारच बोलका आहे. माहेरच्या त्या मनकर्णिका गोखले. लग्नात नाव गेलं, आडनावही गेलं. पुढे त्यांनी स्वतः धर्म बदलला तेव्हा दोन्ही टिकलं. बाईचं नाव पुसायला धर्मांतर लागत नव्हतं, लग्न पुरत होतं. नवरा ख्रिस्ती आणि आपण ब्राह्मण, अशी ताटातुटीची जी वर्षं त्यांनी नातेवाइकांत काढली, त्या वर्षांत दोघांमध्ये उघडपणे सामाईक उरलेल्या मोजक्या गोष्टींपैकी आडनाव ही एक होती. सोवळं वेगळं, देव वेगळा, घर वेगळं; दोघंही टिळक.

हे ध्यानात ठेवून पुस्तक उघडलं की एक साधा शब्द वेगळा ऐकू येतो. लक्ष्मीबाई नवऱ्याला सबंध पुस्तकभर 'टिळक' म्हणतात. आपण याला इतके सरावलो आहोत की त्यात काही विशेष आहे असं वाटत नाही. पण त्या पिढीतल्या बाईपुढे हा खराच प्रश्न होता. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि पुस्तक तर त्याच्याबद्दलच लिहायचं. रमाबाई रानड्यांनी १९१० मध्ये 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' लिहिल्या तेव्हा त्यांनी न्यायमूर्तींसाठी 'स्वतः' हा शब्द वापरला. तो शब्द घरातला आहे, आदराचा आहे, आणि त्याला बाहेरून कुणी हात लावू शकत नाही. रमाबाईंचे रानडे त्या शब्दाच्या आत सुरक्षित आहेत. त्यांच्याकडे मान वर करूनच पाहावं लागतं.

लक्ष्मीबाईंनी बाहेरचा शब्द उचलला. जग ज्या नावानं त्यांच्या नवऱ्याला ओळखत होतं तेच नाव घेऊन त्या त्याला स्वयंपाकघरात आणतात. टिळक कवी, टिळक वक्ते, टिळक मिशनचे मोठे माणूस. आणि हेच टिळक घरातला पैसा कुणालाही देऊन टाकतात, न सांगता निघून जातात, रागावतात, पुन्हा पाघळतात. पुस्तकातल्या विनोदाचा बराच भाग या एका निवडीतून येतो. 'हे' म्हटलं असतं तर तक्रार झाली असती, 'स्वतः' म्हटलं असतं तर चरित्र झालं असतं. 'टिळक' म्हटल्यामुळे एक पात्र उभं राहिलं, आणि पात्राकडे लेखिका रोखून पाहू शकते.

'स्मृतिचित्रे'चं कौतुक करताना सहज, निरागस, भाबडं अशी विशेषणं वर्षानुवर्षं वापरली गेली आहेत. मला ती पटत नाहीत. शाळेत न गेलेल्या बाईनं आठवलं तसं सांगितलं आणि साहित्य झालं, ही समजूत ऐकायला गोड असली तरी लेखिकेचं श्रेय काढून घेणारी आहे. मिठापर्यंत सगळं धुऊन घेणाऱ्या वडिलांचं सोवळं त्या ज्या स्थिर नजरेनं मांडतात, त्यात भाबडं काय आहे? त्यात राग कुठे दाबायचा आणि हसू कुठे सोडायचं याचा हिशेब आहे. नवऱ्याला काय म्हणायचं हाही त्याच हिशेबाचा भाग. मुलगा देवदत्त यांना वडिलांचं चरित्र हवं होतं. त्यासाठी आईनं आठवणी लिहायला घेतल्या. १९३४ पासून भाग निघू लागले आणि हाती आलं ते एका बाईचं आत्मचरित्र. 'टिळक' पानापानावर आहेत, पण ते आता तिच्या पुस्तकातले आहेत.

आडनावाची दुसरी बाजूही याच काळात दिसते. लोकमान्यांचे धाकटे चिरंजीव श्रीधरपंत समता संघाच्या कामात पडले, त्यांनी गायकवाड वाड्यात सहभोजन घडवलं, बाबासाहेब आंबेडकरांशी त्यांचा स्नेह होता. वडिलांच्या नावाची राखण करणाऱ्या 'केसरी'च्या ट्रस्टींशी त्यांचे वाद कोर्टापर्यंत गेले. मे १९२८ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. त्याआधी आंबेडकरांना पत्र लिहिलं. त्यांच्यावर अलीकडे लिहिलं जातं, ते चांगलंच आहे. पण बहुतेक लेखांत त्यांची ओळख 'लोकमान्यांचे चिरंजीव' इथे सुरू होते आणि तिथेच घोटाळत राहते, आणि मी वर तेच केलं, कारण दुसरी सोय नाही. लक्ष्मीबाईंना जे जमलं ते श्रीधरपंतांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांच्या घरात तो शब्द सार्वजनिक मालमत्ता झालेला होता, त्याला ट्रस्टी होते. अहमदनगरच्या टिळकांकडे तशी मालमत्ता नव्हती. १९१७ मध्ये नारायण वामनांनी मिशनची नोकरीही सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. मागे राखायला संस्था नव्हती, म्हणून बायकोला त्या नावाशी मोकळेपणानं वागता आलं, असा माझा तर्क आहे.

आणि 'ख्रिस्तायन' आहेच. नारायण वामनांनी हे महाकाव्य सुरू केलं, १९१९ मध्ये ते गेले तेव्हा थोडेच अध्याय झाले होते. उरलेले बहुतेक लक्ष्मीबाईंनी लिहिले आणि त्यांच्यामागे देवदत्तांनी ते पुरं केलं. काव्य म्हणून ते मला 'स्मृतिचित्रे'च्या जवळपासही जाणारं वाटत नाही; ओवी चालत राहते, माणसं क्वचितच उभी राहतात. तरीही ते 'रेव्हरंड टिळकांचं ख्रिस्तायन' म्हणून उल्लेखलेलं वाचलं की मी थबकतो. त्यातला मोठा वाटा लक्ष्मीबाईंचा आहे. 'रेव्हरंड' खोडून नुसतं 'टिळकांचं ख्रिस्तायन' लिहिलं तर ते बरोबर होईल, फक्त वाचणाऱ्यानं तिथे तिघं जण वाचायला हवेत.