अधिकार आणि प्रामाण्य : जॉर्ज सॅमन यांच्या चर्च-समीक्षेचे एक वाचन

१

इंग्रजीतील ‘ऑथॉरिटी’ या एका शब्दासाठी मराठीत निदान दोन शब्द योजावे लागतात : अधिकार आणि प्रामाण्य. अधिकार आज्ञा करण्याचा असतो; प्रामाण्य ज्ञान देण्याचे असते. न्यायाधीशाला अधिकार असतो, म्हणून त्याचा निकाल लागू होतो. साक्षीदाराला असा कोणताही अधिकार नसतो. तरीही त्याच्या कथनाला प्रामाण्य असू शकते. अंतिम न्यायालयाच्या निकालावर अपील नसते, याचा अर्थ तो निकाल चुकूच शकत नाही असा कोणी करीत नाही. पाश्चात्त्य ख्रिस्ती जगात सोळाव्या शतकापासून चाललेल्या एका दीर्घ वादाचे मर्म या दोन शब्दांतील अंतरात सापडते, असे मला वाटते. बायबलचा अर्थ सांगण्याचा अधिकार चर्चला आहे, हे मान्य केले तरी चर्च सांगेल तो अर्थ खराच असतो, हे त्यातून निष्पन्न होते काय?

जोझेफ द मेस्त्र या फ्रेंच विचारवंताने ‘द्यु पाप’ (१८१९) या ग्रंथात या प्रश्नाचे निःसंदिग्ध होकारार्थी उत्तर दिले होते. लौकिक व्यवहारात ज्याला सार्वभौमत्व म्हणतात, त्यालाच आध्यात्मिक व्यवहारात अस्खलनशीलता म्हणतात. शेवटचा शब्द ज्याचा, तो चुकत नाही असेच मानावे लागते, हे त्याचे प्रतिपादन. या प्रतिपादनाचा सर्वांत चिवट प्रतिवाद करणारे एक पुस्तक म्हणजे जॉर्ज सॅमन यांचे ‘द इन्फॅलिबिलिटी ऑफ द चर्च’ (१८८८). आपल्याकडे साहित्याच्या अभ्यासकांनी ते वाचण्याचे काही प्रयोजन नाही असे वरवर वाटेल. परंतु संहिता, परंपरा आणि वाचक यांच्या परस्परसंबंधाची चर्चा करताना जे प्रश्न आपण अलीकडचे समजतो, त्यांतील कित्येकांना या पुस्तकात धर्मवादाच्या भाषेत तोंड फुटले आहे. प्रस्तुत लेखात सॅमन यांच्या युक्तिवादाचे स्वरूप, त्याच्या मर्यादा आणि अर्थनिर्णयाच्या दृष्टीने त्याचे मूल्य, एवढ्याच गोष्टींचा विचार केला आहे.

२

सॅमन (१८१९–१९०४) मूळचे गणिती. शंकुच्छेदांवरील त्यांचा १८४८ सालचा ग्रंथ पाठ्यपुस्तक म्हणून दीर्घकाळ वापरात होता. १८६६ मध्ये ते डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात धर्मशास्त्राचे प्राध्यापक झाले. प्रस्तुत पुस्तक म्हणजे तेथील विद्यार्थ्यांसमोर दिलेली व्याख्याने होत. त्यांची पार्श्वभूमी नीट ध्यानात घेतली पाहिजे. १८ जुलै १८७० रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेने ५३३ विरुद्ध २ मतांनी पोपच्या अस्खलनशीलतेचा सिद्धान्त संमत केला. श्रद्धा आणि नीती यांविषयी पोप जेव्हा आपल्या सर्वोच्च पदावरून संपूर्ण चर्चसाठी निर्णायक शिकवण देतात, तेव्हा ते चुकत नाहीत, असा त्याचा मर्यादित आशय आहे. पोप कधीच चुकत नाहीत असा नव्हे. दुसरीकडे १८६९ च्या कायद्यानुसार सॅमन ज्या प्रॉटेस्टंट चर्चचे होते, त्या चर्च ऑफ आयर्लंडचा राजाश्रय १ जानेवारी १८७१ पासून संपला होता. बहुसंख्य कॅथलिक असलेल्या देशात, सरकारी आधार गमावलेल्या अल्पसंख्य चर्चचे भावी धर्मोपदेशक त्यांच्यासमोर बसलेले होते.

या परिस्थितीचा ठसा पुस्तकाच्या शैलीवर उमटलेला आहे. ही लिहिलेली प्रबंधरचना नसून बोललेली व्याख्याने आहेत. त्यांत विनोद आहे, घरगुती दृष्टान्त आहेत, प्रतिपक्षाला कोंडीत पकडल्याचा आनंदही लपलेला नाही. श्रोते आपल्याच पक्षाचे आहेत, ही जाणीव लेखकाला मोकळेपणा देते आणि तीच काही ठिकाणी त्याला सैल करते.

३

युक्तिवादाचा पहिला टप्पा तार्किक आहे. चर्च चुकत नाही हे कशावरून? बायबलमधील ख्रिस्ताच्या अभिवचनांवरून. त्या वचनांचा नेमका हाच अर्थ आहे हे कशावरून? चर्च तसे सांगते म्हणून. आपल्या न्यायशास्त्राच्या परिभाषेत हा उघड अन्योन्याश्रय दोष आहे. या वर्तुळातून बाहेर पडायचे तर चर्चच्या दाव्याची तपासणी माणसाने स्वतःच्या विवेकाने केली पाहिजे. मग सॅमन आपला मुख्य मुद्दा मांडतात : स्वतःच्या बुद्धीवर विसंबणे धोक्याचे आहे म्हणून अस्खलनशील मार्गदर्शकाला शरण जावे, असे म्हणणारा माणूस त्या मार्गदर्शकाची निवड कोणत्या बुद्धीने करतो? शरण जाण्याचा निर्णय हादेखील स्वतःचाच निर्णय असतो. पायाच स्खलनशील असेल तर त्यावर उभारलेल्या इमारतीची निश्चिती पायाहून अधिक असू शकत नाही. गणिती माणसाचा हात येथे दिसतो.

दुसरा टप्पा ऐतिहासिक आहे. बोस्युए या फ्रेंच बिशपने १६८८ मध्ये प्रॉटेस्टंट पंथांच्या बदलत्या मतांचा इतिहास लिहिला, तो बदल हे असत्याचे लक्षण आहे असे गृहीत धरून. जॉन हेन्री न्यूमन यांनी १८४५ मध्ये ख्रिस्ती सिद्धान्तांच्या विकासाची उपपत्ती मांडली, तेव्हा बदल हे जिवंतपणाचे लक्षण ठरले. या दोन भूमिकांतील अंतर सॅमन अचूक हेरतात. परंपरेचा दाखला देणारा पक्ष परंपरेत पुरावा सापडेनासा झाल्यावर विकासाचा दाखला देऊ लागतो, ही त्यांच्या मते माघार आहे. याच संदर्भात ते स्टीफन कीनन यांच्या प्रश्नोत्तरीचा निर्देश करतात. १८७० पूर्वीच्या आवृत्तीत, पोपची अस्खलनशीलता ही कॅथलिक श्रद्धा नसून प्रॉटेस्टंटांनी चिकटवलेली कल्पना आहे, असे म्हटले होते. परिषदेनंतरच्या आवृत्तीत हे उत्तर राहिले नाही. एका छोट्या पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांतील पाठभेद येथे सिद्धान्ताच्या इतिहासाचा साक्षीदार होतो.

तिसरा टप्पा परीक्षेचा आहे आणि तो आपल्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. न्यायसूत्रांत वेदाचे प्रामाण्य सिद्ध करताना मंत्र आणि आयुर्वेद यांचा दृष्टान्त दिला आहे. औषधाचा गुण पडताळून पाहता येतो; तेथे ज्याचे वचन खरे ठरते तो आप्त, आणि म्हणून जेथे पडताळा शक्य नाही तेथेही त्याचे वचन प्रमाण. सॅमन नेमके हेच अनुमान उलट्या दिशेने चालवतात. जेथे पडताळा घेता येतो, तेथे हा मार्गदर्शक कसा ठरला? पोप होनोरियस यांना त्यांच्या मृत्यूनंतर, ६८०–८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने पाखंडी ठरवले. गॅलिलिओला १६३३ मध्ये दोषी ठरवले गेले. संहिता-संपादनाच्या क्षेत्रातील एक उदाहरण आपल्याला अधिक जवळचे वाटेल. १५४६ मध्ये ट्रेंट परिषदेने लॅटिन व्हल्गेट हा अधिकृत पाठ ठरवला. पाचव्या सिक्स्टस पोपनी १५९० मध्ये स्वतः लक्ष घालून काढलेली त्याची आवृत्ती त्यांच्या मृत्यूनंतर मागे घेतली गेली आणि १५९२ मध्ये दुसरी निघाली. अशा प्रत्येक वेळी ‘ते वचन सर्वोच्च पदावरून उच्चारलेले नव्हते’ असे उत्तर मिळते. ते व्याख्येनुसार बरोबरही असते. पण चूक उघड झाल्यावर ज्याची व्याप्ती आकुंचन पावते, तो दावा खोटा ठरत नसला तरी वाटाड्या म्हणून निरुपयोगी होतो, हे सॅमन यांचे म्हणणे सहज बाजूला सारता येत नाही.

४

तथापि या पुस्तकाला मिळालेले उत्तरही तितकेच गांभीर्याने वाचले पाहिजे. डाउनसाइड मठाचे प्रमुख बी. सी. बटलर यांनी १९५४ मध्ये सॅमन यांच्या संक्षिप्त आवृत्तीला ग्रंथरूपाने उत्तर दिले. सॅमन न्यूमनना न्याय देत नाहीत, हा त्यांचा आक्षेप मला सयुक्तिक वाटतो. न्यूमन यांच्या दृष्टीने विकास म्हणजे पुराव्याची उणीव झाकण्याची युक्ती नव्हे. कालप्रवाहात जगणाऱ्या कोणत्याही कल्पनेचा तो स्वभाव आहे. दुसरे असे की, विवेकाने एखाद्या वैद्यावर विश्वास टाकणे आणि त्याने दिलेल्या प्रत्येक मात्रेची स्वतः चिकित्सा करणे, या भिन्न क्रिया आहेत. पहिलीत विवेक आहे म्हणून दुसरी अनावश्यक ठरू शकते.

याहून मोठी अडचण सॅमन यांच्या स्वतःच्या भूमिकेतून निर्माण होते. चर्चचे प्रामाण्य नाकारून ते बायबलकडे वळतात. पण नव्या करारात हीच सत्तावीस पुस्तके का, याचे उत्तर काय? जुन्या प्रॉटेस्टंट परंपरेचे उत्तर कॅल्व्हिनने दिले होते : शास्त्र स्वतःची साक्ष स्वतःच देते आणि पवित्र आत्मा ती वाचकाच्या अंतःकरणात पटवतो. मीमांसकांच्या स्वतःप्रामाण्याशी याचे नाते स्पष्ट आहे, मग वेदाच्या अपौरुषेयत्वाची कल्पना कितीही निराळी असो. सॅमन मात्र या वाटेने जात नाहीत. नव्या कराराच्या ग्रंथांवरील त्यांचे १८८५ सालचे पुस्तक त्या ग्रंथांचे कर्तृत्व आणि प्राचीनत्व ऐतिहासिक पुराव्यांनी सिद्ध करू पाहते. म्हणजे त्यांची भूमिका परतःप्रामाण्याची आहे. ते नैयायिकांच्या पंगतीला बसतात. ऐतिहासिक पुरावा मात्र संभाव्यतेपलीकडे नेत नाही. जी सुरी त्यांनी रोमच्या दाव्यावर चालवली, ती त्यांच्या हातातील पुस्तकालाही लागते. याची जाणीव त्यांना नव्हती असे नाही. शिकवण्याचे कार्य चर्चकडे आहेच, असे ते मान्य करतात. पण ते शिक्षकासारखे. विद्यार्थी शिक्षकावर विसंबतो, कारण सुरुवातीला दुसरा मार्ग नसतो. म्हणून शिक्षक अस्खलनशील ठरत नाही, आणि चांगल्या शिक्षकाचा विद्यार्थी पुढे स्वतः पडताळू लागतो. निश्चितीची भूक हीच मुळात तपासून पाहण्याजोगी आहे, हा या पुस्तकाचा सर्वांत धीट आणि सर्वांत कमी चर्चिला गेलेला विचार होय.

५

गाडामर यांनी १९६० मध्ये ‘सत्य आणि पद्धती’ या आपल्या ग्रंथात परंपरेच्या प्रामाण्याची पुनःस्थापना करताना म्हटले की, खरे प्रामाण्य आज्ञापालनावर नव्हे, तर मान्यतेवर उभे असते आणि मान्यता ही बुद्धीचीच कृती असते. सॅमन आणि गाडामर येथे अनपेक्षितपणे जवळ येतात. फरक एवढाच की, मान्यता ही मागे घेता येण्याजोगी असली पाहिजे, ही अट सॅमन त्यात घालतात. उलट, अर्थ हा वाचकसमूहाच्या संकेतांतूनच घडतो, असे मानणारी स्टॅन्ली फिश यांची भूमिका नकळत कॅथलिक पक्षाला बळ देते. समूहाबाहेर उभे राहून त्याचे वाचन तपासण्यास तीत फारशी जागा उरत नाही.

अशी तपासणी करणाऱ्या एका वाचकाचा उल्लेख मराठी अभ्यासकाने टाळू नये. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे पंडिता रमाबाईंनी अँग्लिकन चर्चचा बाप्तिस्मा घेतला. ए. बी. शहा यांनी संपादित करून १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रव्यवहारात, १८८५ च्या सुमारास सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा वाद सविस्तर वाचावयास मिळतो. भारतीय पुरोहितांचे जोखड महत्प्रयासाने उतरवल्यावर तसलेच दुसरे जोखड मानेवर घेण्याची आपली तयारी नाही, असा रमाबाईंचा आशय आहे. बायबल त्यांना मान्य होते. पण चर्च सांगते एवढ्यासाठी एखादा सिद्धान्त स्वीकारणे मान्य नव्हते. ज्या दशकात सॅमन डब्लिनमध्ये रोमविरुद्ध व्यक्तिगत विवेकाची बाजू मांडत होते, त्याच दशकात त्यांच्याच अँग्लिकन परिवारातील एका शाखेला ही मराठी स्त्री तोच प्रश्न विचारीत होती. आणि तिला मिळालेली उत्तरे पुष्कळदा अधिकाराचीच होती. आजीवन शास्त्रपठणात मुरलेल्या घरातून आलेल्या या स्त्रीला अधिकार आणि प्रामाण्य यांतील भेद कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

सॅमन यांची कसोटी म्हणूनच रोमपुरती राहत नाही. ती प्रत्येक अर्थनिर्णायक संस्थेला लागू होते, आणि विद्यापीठीय मराठी विभागही त्याला अपवाद नाहीत. ज्ञानेश्वरीतील एखाद्या ओवीचा अर्थ विचारला असता विद्यार्थी ओवीकडे न पाहता टीकाकाराचे नाव सांगतो, तेव्हा परीक्षेत त्याला गुण मिळतात. ते गुण देण्याचा अधिकार आमच्याकडे आहे. त्या अर्थाला प्रामाण्य मात्र आमच्या सहीने येत नाही. ते त्या ओवीपाशी पुन्हा जाऊनच मिळवावे लागते.