देणेकऱ्यांच्या घरातील ईस्टर

ऑगस्ट स्ट्रिंडबर्ग या स्वीडिश नाटककाराचे नाव निघाले की पतिपत्नींमधील निर्दय झुंज रंगविणारी नाटके आठवतात. त्याच लेखणीतून 1900 साली ‘ईस्टर’ हे हळुवार तीन अंकी नाटक उतरावे याचे नवल वाटते. त्यापूर्वीची काही वर्षे त्याने विलक्षण मानसिक यातनांत काढली होती. 1898 मध्ये बेल्जियममधील मारेदसूच्या बेनेडिक्टाइन मठालाही तो जाऊन आला होता. तो कॅथलिक झाला नाही. परंतु दुसऱ्याचे दुःख आपल्या शिरावर घेता येते, हा विचार त्याच्या मनात रुजला आणि या नाटकाचा तोच गाभा ठरला.

नाटकातील काळ पवित्र गुरुवार ते पवित्र शनिवार असा आहे. स्टॉकहोमचा पहिला प्रयोगही 4 एप्रिल 1901 रोजी, म्हणजे पवित्र गुरुवारीच झाला. प्रत्येक अंकापूर्वी हायडनचे ‘क्रुसावरील सात उद्गार’ वाजते. हे संगीत मूळचे स्पेनमधील कादिझच्या गुड फ्रायडेच्या उपासनेसाठी रचलेले. लुथरन स्वीडनमधील घराचा पडदा त्यावर उघडावा, हे सूचक आहे.

हेस्ट कुटुंबाचा कर्ता पुरुष अनाथांच्या ठेवींचा अपहार करून तुरुंगात गेला आहे. त्याचा मुलगा एलिस लॅटिनचा शिक्षक. समोरच्या घरात सावकार लिंडक्विस्ट राहावयास आला आहे आणि जप्ती केव्हा येईल याचा नेम नाही. अशातच वेड्यांच्या इस्पितळातून धाकटी बहीण एलिओनोरा परतते. आपल्या माणसाच्या गुन्ह्यामुळे मान खाली घालून जगणारी घरे कोणत्या धर्मग्रामात नसतात? नाटक परके वाटत नाही, ते यामुळेच.

उत्तरेकडील वसंत स्ट्रिंडबर्गने केवळ शोभेसाठी वापरलेला नाही. थंडीसाठी लावलेल्या आतल्या खिडक्या काढल्या आहेत, जमीन घासली आहे, जड ओव्हरकोट खुंटीवर गेला आहे. पहिल्या अंकात बर्चच्या फांद्यांची जुडी निनावी भेट म्हणून येते. स्वीडनमध्ये आज ईस्टरला अशा फांद्यांना रंगीत पिसे बांधून त्या पाण्यात ठेवतात. पूर्वी मात्र प्रभूच्या यातनांचे स्मरण म्हणून त्यांचे फटके दिले जात. शिक्षेची छडीच पालवते, हा अर्थ तेथील प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नसे. (मुले चेटकिणींचा वेश करून दारोदार फिरतात, ती गंमत मात्र या घरापर्यंत पोहोचत नाही.)

मला सर्वांत मोलाचे वाटते ते डॅफोडिलचे फूल. स्वीडिश भाषेत त्याचे नावच ‘ईस्टरची लिली’ असे आहे. एलिओनोरा फुलांच्या दुकानातून एक रोप उचलते आणि तेथे एक क्रोनचे नाणे व आपले कार्ड ठेवते. नाणे कोणाच्या दृष्टीस पडत नाही आणि चोरीचा बोभाटा होतो. बाप खरा अपराधी. किंमत मोजूनही संशयाखाली येते ती मुलगी. निरपराध्याने भोगणे म्हणजे काय, हे स्ट्रिंडबर्ग एका नाण्यातून दाखवितो. पुढे नाणे सापडते, तेव्हा कोणी भाषण करीत नाही, हेही बरेच.

तिसऱ्या अंकाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. पडद्यावर राक्षसासारखी सावली पाडणारा लिंडक्विस्ट घरात येतो, एलिसचा अहंकार ठेचतो आणि मग कर्ज सोडून देतो. कारण पूर्वी स्टॉकहोममध्ये तो निराधार असताना एलिसच्या बापाने त्याला मदत केली होती. प्रेक्षकाचे डोळे येथे पाणावतात. पण ही कृपा म्हणावी की जुन्या खात्याची वजावट? बापाने ते एक सत्कृत्य केलेच नसते, तर या घरात ईस्टर उगवला नसता काय? उधळ्या पुत्राच्या बापाने वही उघडली नव्हती. स्ट्रिंडबर्गला इतक्या मोकळ्या क्षमेवर विश्वास ठेवणे जड गेले असावे.

म्हणूनच बहुधा नाटक शनिवारी संपते. पुनरुत्थानाची सकाळ रंगमंचावर येत नाही. शेवटी एलिओनोरा दिनदर्शिकेची पाने एकामागून एक फाडते. एप्रिल, मे, जून. बाहेर ऊन पडलेले असते. लिंडक्विस्टच्या लांबलचक उपदेशानंतर हे दृश्य पाहिले, की नाटककाराच्या हिशेबापेक्षा त्या मुलीच्या हातावर आपला अधिक विश्वास बसतो.