तुरुंगातील शिक्षण आणि वंशभेदाचे अध्यापन : माल्कम एक्स यांच्या आत्मकथनाच्या निमित्ताने

अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने कैदी विद्यार्थ्यांना मिळणारे ‘पेल’ हे शासकीय शैक्षणिक अनुदान बंद झाले होते. जुलै २०२३ पासून ते पुन्हा खुले झाल्याने तुरुंगात काय शिकवावे, हा प्रश्न तेथील महाविद्यालयांसमोर नव्याने उभा राहिला आहे. वंशभेद हा त्यांतील सर्वांत अवघड विषय होय. या दृष्टीने माल्कम एक्स यांच्या आत्मकथनाचे पुनर्वाचन उद्बोधक ठरते.

ॲलेक्स हेली यांच्या सहकार्याने सिद्ध झालेले हे आत्मकथन माल्कम यांच्या हत्येनंतर १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. १९४६ साली तुरुंगात गेलेल्या या तरुणाने शब्दकोश पानापानाने उतरवून काढला, नॉरफोक येथील तुरुंगाच्या ग्रंथालयात अखंड वाचन केले, हे सर्वपरिचित आहे. ‘ग्रंथांमुळे गुन्हेगार सुधारला’ असा बोध त्यातून बहुधा काढला जातो. हे आकलन अपुरे आहे. ड्यू बॉइस, वुडसन आदींच्या वाचनातून माल्कम यांना आपल्या समाजाचा दडपलेला इतिहास उमगला. ते व्यवस्थेशी जुळवून घेणारे नव्हे, तर तिचे टीकाकार झाले.

तथापि या वाचनाला दिशा दिली ती वर्गाने नव्हे, तर एलायजा मुहम्मद यांच्या शिकवणुकीने. गौरवर्णीय मनुष्य जात्याच दुष्ट, ही धारणा त्यांनी तुरुंगातच स्वीकारली. १९६४ च्या मक्कायात्रेनंतर ती त्यांनी जाहीरपणे सोडली. आत्मकथनातील हा प्रवास अध्यापनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा होय. वंशभेद वर्गात शिकवला नाही, म्हणून तो तुरुंगात अज्ञात राहत नाही. कैदी तो रोज अनुभवतो आणि जो अर्थ हाती लागेल तो स्वीकारतो.

मिशेल अलेक्झांडर यांच्या ‘द न्यू जिम क्रो’ (२०१०) या ग्रंथावर न्यू जर्सीतील काही तुरुंगांत असलेली बंदी जानेवारी २०१८ मध्ये उठवावी लागली. अशा बंदीमुळे असंतोष थांबत नाही, केवळ त्याची चिकित्सा थांबते. वंशभेदाच्या अध्यापनामुळे कैदी स्वतःची जबाबदारी झटकेल, हा आक्षेपही टिकत नाही. माल्कम आपले गुन्हे कोठेही लपवत नाहीत. व्यक्तीचा दोष आणि व्यवस्थेचा दोष एकाच वेळी पाहता येतो, याचे हे आत्मकथन प्रमाण आहे.

सारांश, तुरुंगातील शिक्षणाचे यश केवळ पुन्हा गुन्हा न करणाऱ्यांच्या संख्येवर मोजणे अन्यायकारक होय. मतभेदास वाव देणारा वर्ग माल्कम यांना लाभला असता, तर जे त्यांना १९६४ मध्ये उमगले, ते कदाचित आधीच गवसले असते. तो वर्ग उपलब्ध करून देणे हेच आज अध्यापकाचे कार्य आहे.