माश्यांच्या मोसमातलं घरटं

सोयगाव तालुक्यात कला बघायला येणारा माणूस फर्दापूरला उतरतो आणि थेट अजिंठ्याच्या लेण्यांकडे वळतो. त्यात गैर काही नाही. पण याच तालुक्यात ओढ्यांवरच्या मोऱ्यांखाली आणि दगडी गोठ्यांच्या आढ्याला चिखलाचं एक बारीक काम दरवर्षी चालतं. त्याला तिकीट नाही, वाटाड्या नाही, आणि बघणाराही सहसा नाही. ते काम म्हणजे भिंगरीचं घरटं. सेंद्रिय शेती करणाऱ्याच्या लेखी त्याचा रोकडा उपयोग एकच, गोठ्यातल्या माश्या कमी होतात. उपयोगाच्या वस्तूत सौंदर्य असतं हे आपण झुलीच्या नक्षीकामात, बैलगाडीच्या साटीत, पाटा-वरवंट्यातसुद्धा मान्य केलं आहे. घरट्यापाशीच आपण कचरतो, आणि झाडू घेऊन ते पाडतो.

आधी साहित्य बघू. अजिंठ्याच्या चित्रकारांनी खडबडीत काळ्या कातळावर थेट रंग लावला नाही. माती, साळीचा कोंडा, गवत, वनस्पतींचे धागे आणि बारीक खडी कालवून त्यांनी गिलावा केला, वर चुन्याचा पातळ हात दिला आणि मग चित्र काढलं. भिंगरीची पाककृती याच घराण्यातली. ओढ्याच्या काठची ओली माती, गवताची एखादी काडी, तोंडातली लाळ, आणि धरायला तोच कातळ. एका खेपेला चोचीत एकच गोळी येते. ती जागेवर ठेवली की पाखरू चोच थरथरवत तिला दाबतं, म्हणजे मधली हवा निघून जाते आणि नवी गोळी जुनीला धरते. घरट्याच्या अगदी जवळ नजर नेली तर या गोळ्यांच्या ओळी स्पष्ट दिसतात. खालच्या वाळून फिक्या पडलेल्या, वरच्या अजून काळपट, आणि मध्येच कुठे तांबूस पट्टा, कारण त्या दिवशी माती दुसऱ्या जागेहून आली. भिंतीवर गोवरी थापताना तळहाताचा ठसा राहतो, तसा इथे प्रत्येक गोळीवर चोचीचा राहतो. आतला भाग मात्र मऊ, पिसांचं अस्तर घातलेला.

या कामातला संयम खास दाद देण्याजोगा आहे. ओल्या चिखलाचा थर एकाच दिवशी उंच चढवला तर तो स्वतःच्या वजनाने खाली येईल. म्हणून पाखरू थोडं बांधतं, थांबतं, खालचं वाळू देतं आणि मग पुढचा थर चढवतं. थांबणं हा या बांधणीचाच भाग आहे.

एकच साहित्य, पण शैली तीन. तारवाली भिंगरी पाण्याजवळ राहते. डोक्यावर तांबूस टोपी, शेपटीतून निघालेल्या दोन लांब तारा, आणि घरटं म्हणजे भिंतीला टेकवलेली उघडी अर्धी वाटी. लालबुडीला उघडेपणा मानवत नाही. ती छताला बंद, पोटाळ घरटं चिकटवते आणि त्याला आडवी नळी जोडून प्रवेशाची वाट करते. तिसरी गळ्यावर रेघोट्या असलेली छोटी भिंगरी. तिला एकटं राहणं जमतच नाही. पुलाखाली, धरणाच्या भिंतीला तिची घरटी एकाला एक चिकटून वस्ती करतात. अमेरिकेतल्या शेतांवर वळचणीखाली वस्ती करणाऱ्या कडा-भिंगरीची ही जवळची नातलग, दोघी एकाच प्रजातिगटातल्या. तिकडचे काही सेंद्रिय शेतकरी माश्यांपायी तिची घरटी मुद्दाम राखतात, तेव्हा ते आपल्याच पुलाखालच्या पाहुणीच्या चुलत बहिणीला जागा देत असतात. हिवाळ्यात तारांवर ओळीने बसणारी भिंगरी मात्र वेगळी. ती उत्तरेकडून येते, इथे घरटं करत नाही, आणि माशीचा खरा जोर सुरू होण्याआधीच निघून जाते.

खरी खुमारी आहे ती वेळेची.

जूनमध्ये पाऊस लागला की उकिरडा ओला होतो आणि आतून तापतो. माशीला यापेक्षा चांगलं बाळंतघर मिळत नाही. घरमाशीची मादी एका खेपेला शंभरावर अंडी घालते, आणि ऊब असली की अंड्यापासून उडणाऱ्या माशीपर्यंतचा प्रवास आठ-दहा दिवसांत उरकतो. तिच्या जोडीला गुरांच्या पायांवर बसून रक्त पिणारी चावरी माशी असते. ती आली की गाय उभ्या जागी पाय आपटते, शेपटीचे फटकारे मारते, रवंथ सोडते, आणि दूध घटतं. रासायनिक शेती करणारा अशा वेळी फवारा मारून मोकळा होतो. सेंद्रियवाल्याची गोची वेगळी. शेण हेच त्याचं भांडवल. सुभाष पाळेकरांच्या पद्धतीने जीवामृत करायचं तर एकरासाठी दहा किलो शेण आणि दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो डाळीचं पीठ, मूठभर बांधावरची माती आणि दोनशे लिटर पाणी लागतं. म्हणजे शेण साठवणं आलं, गूळ आंबवणं आलं, आणि दोन्हींवर माशी आलीच. ज्या वस्तूने जमीन जगवायची तीच माशी जगवते. तिच्यावर विष टाकलं तर मुळातला नेमच मोडतो.

नेमक्या याच पेचात भिंगरीचा विणीचा हंगाम येऊन बसतो. उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळाभर ती घरट्यात असते. तीन-चार अंडी, दोन-अडीच आठवडे उबवणं, मग सुमारे तीन आठवडे पिल्लांच्या उघड्या चोची. नर-मादी दोघंही खेपा घालतात. उडता उडता पकडलेले किडे घशात दाबून त्यांची गोळी करायची आणि ती पिल्लाच्या चोचीत सोडायची, असा त्यांचा रिवाज आहे. चिखल गोळी-गोळीने आणला होता, घासही गोळी-गोळीनेच येतो. माशीच्या दोन-तीन पिढ्या निघतात तेवढ्या काळात घरट्यातली एक पिढी मोठी होते, आणि ज्या दिवसांत माशी सर्वांत जास्त त्याच दिवसांत पिल्लांची भूक सर्वांत मोठी. या दोन लयी एकमेकींवर अशा बसतात की समेवर येण्याचा आनंद मिळतो.

उलट बाजूने बघितलं तरी हे नातं खरं ठरतं. डेन्मार्कमध्ये ए. पी. मोलर यांनी केलेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. शेतावरची दुभती गुरं जसजशी गेली, तसतशी तिथल्या भिंगऱ्यांची संख्या घटली, असं त्यात दिसलं. गोठ्याला भिंगरी हवी तसा भिंगरीलाही गोठा हवा.

भिंगरी आकाशाचा पट्टा सांभाळते. खालच्या पट्ट्याचा धनी कोतवाल. त्याचं घरटं बांधकाम म्हणून बघाल तर अगदी किरकोळ. बांधावरच्या बाभळीच्या किंवा कडुनिंबाच्या दुबेळक्यात बारीक काड्या-मुळ्यांची उथळ वाटी, कोळ्याच्या जाळ्याने बांधलेली. खालून बघितलं तर अंडी दिसतील की काय असं वाटावं इतकी विरळ. पण या घरट्याची तटबंदी काड्यांची नसतेच, ती पाखराच्या स्वभावाची असते. कावळा, घार, शिक्रा, कोणीही जवळून गेला की कोतवाल त्याच्या पाठीवर तुटून पडतो आणि हद्दीबाहेर घालवून येतो. म्हणून होला, बुलबुल, हळद्या यांच्यासारखी गरीब पाखरं त्याच्या शेजाराला घरटं करतात. एका झाडावर कोतवाल बसला की त्या बांधावर पाखरांची आळीच वसते.

त्याची शिकार बघण्यासाठी म्हशीची पाठ ही सर्वांत चांगली जागा. तो तिथे ताठ बसतो, दुभंगलेली शेपटी खाली सोडून. म्हैस चालते, तिच्या खुरांनी गवतातले किडे उठतात, अंगाभोवती माश्या घोंगावतात. कोतवाल एकदम सुटतो, हवेतच गिरकी घेऊन किडा धरतो आणि परत त्याच पाठीवर येऊन बसतो. हालचाल तीच, पण दर वेळी गिरकीचा कोन वेगळा, कारण किड्याची वाट वेगळी. एका ठेक्यात न संपणारं नावीन्य याला म्हणतात. पहिल्या पावसानंतर वारुळातून पंखवाली वाळवी उडते, तेव्हा हाच कोतवाल अंधार पडेपर्यंत थकत नाही.

कोतवालाचं हे कौशल्य कृषी विद्यापीठांनी शिफारशीतच घेतलं आहे. हरभऱ्यातल्या घाटेअळीसाठी एकरी वीस पक्षीथांबे रोवा, असं परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सल्ले सांगतात. दोन काठ्या एकमेकींना आडव्या बांधल्या की थांबा झाला. सोयगावच्या कपाशीच्या पट्ट्यात पऱ्हाट्यांना तोटा नाही, पण थांब्याला मात्र बाभळीची किंवा बांबूची काठी बरी.

या पाखरांच्या पोटाचा हिशेब सरकारदरबारी फार आधी मांडला गेला आहे. बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन केंद्रात सी. डब्ल्यू. मेसन यांनी पाखरांची पोटं तपासून त्यांत कोणते किडे, कोणतं धान्य निघतं याच्या नोंदी केल्या. एच. मॅक्सवेल-लेफ्रॉय यांच्यासह त्या नोंदींचा ग्रंथ १९१२ साली निघाला. कोणतं पाखरू शेतकऱ्याच्या फायद्याचं आणि कोणतं तोट्याचं, अशी ती खतावणी होती. पोटाची खतावणी उपयोगी असते, पण तिच्यातून मांडणी कळत नाही. एक भिंगरी किती माश्या खाते हा प्रश्न अपुरा आहे. भिंगरी उंचावर, कोतवाल मधल्या हवेत, गायबगळा आणि साळुंकी गुरांच्या पायांशी, हुदहुद मातीत चोच खुपसून अळ्या काढणारा: प्रत्येकाने आपापला थर घेतला आहे आणि दुसऱ्याच्या थरात सहसा ढवळाढवळ नाही. गायबगळ्याच्या डोक्या-मानेवर सोनेरी रंग चढतो तोही याच पावसाळी विणीत. ही जुळणी एका पाखराला सुटं काढून दिसत नाही.

रसिकाने दोषही बघावेत. पहिला आणि मोठा दोष हा की पाखरू उडती माशी धरतं, उकिरड्यातल्या अळीपर्यंत भिंगरी पोचत नाही. शेण आठवडाभर ओलं पडून राहिलं तर सगळ्या पंचक्रोशीतल्या भिंगऱ्या आणल्या तरी माशी हटणार नाही. शेण रोज उचलणं, खड्डा झाकणं, ढीग वरचेवर पालटणं, गोबर गॅस किंवा गांडूळखत, हे मूळ काम माणसाचंच. पाखरं उरलेल्या माशीवर लागू पडतात. दुसरा दोष कोतवालाचा. त्याला मधमाशी आणि चतुरही तितकेच आवडतात, आणि चतुर तर स्वतःच डास-माश्या खाणारा. मधाच्या पेट्या ठेवणाऱ्याने हे ध्यानात धरावं. वेड्या राघूची तक्रार याहून मोठी, कारण त्याची पहिली पसंतीच मधमाशी. तिसरा दोष जागेचा. घरट्याखाली विष्ठा पडते, ती गव्हाणीत पडता कामा नये. अजिंठ्याच्या चित्रांजवळ पाखरांना मज्जाव असतो तो याच कारणाने, आणि तो योग्यच आहे, कारण त्या रंगावर पडलेला डाग कायमचा. तीच गोळी, तोच कातळ, पण लेण्यात घरटं उपद्रव ठरतं आणि गोठ्यात वरदान. चौथा दोष थांब्यांचा. हरभऱ्यात ते ठीक, पण ज्वारी-बाजरीत दाणा भरू लागला की थांबे उपटून ठेवावेत, नाहीतर कोतवालाच्या जागी दाणे टिपणारी पाखरं येऊन बसतात.

आता या कलेचा आश्रयदाता. अजिंठ्याचं सोळावं लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा अमात्य वराहदेव याने कोरवून घेतलं, हे तिथल्या शिलालेखातच आहे. भिंगरीला इतकं मोठं दान लागत नाही. तिला वीतभर आडवी फळी, ती ठोकायला पक्की तुळई, आत-बाहेर करायला वरची फट आणि जवळपास ओल्या मातीचा तुकडा एवढंच पुरतं. पाण्याच्या हौदाशी सांडपाण्याची थोडी ओल राहू दिली की माती मिळते. अडचण नव्या गोठ्यांची आहे. पत्र्याच्या छपराला चिखल नीट धरत नाही, आणि मे महिन्यात पत्रा असा तापतो की खाली पिल्लं होरपळतील. पत्र्याखाली तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा थर दिला तर गुरांनाही गारवा मिळतो आणि घरट्यालाही. घरट्याच्या हातभर खाली आणखी एक फळी ठोकली की विष्ठा तिच्यावर अडते आणि ती खतात जाते. कोतवालासाठी तर काही करायचंच नाही, फक्त न करायचं. खरिपाआधी बांध साफ करताना बाभळीच्या सगळ्या फांद्या सरपणाला छाटायच्या नाहीत, निदान एक झाड मेपासून ऑगस्टपर्यंत राहू द्यायचं.

सगळ्यांत मोठा निर्णय मात्र उन्हाळ्यात गोठा झाडताना घ्यावा लागतो. आढ्याला गेल्या वर्षीचं घरटं असतं, अर्धं तुटलेलं, जाळ्या लागलेलं. स्वच्छतेच्या नावाखाली काठीचा एक फटका पुरतो. पण भिंगरी जुन्या घरट्याची डागडुजी करून तेच वापरते. जुनं घरटं शाबूत असेल तर तिच्या शेकडो खेपा वाचतात, वीण लवकर सुरू होते, आणि कधीकधी एका पावसाळ्यात दुसरी वीणही साधते. पाडलं तर ती नव्याने बांधते किंवा दुसऱ्याच्या गोठ्यात जाते, आणि जूनच्या माशीला तेवढ्या आठवड्यांची मोकळीक मिळते. म्हणून या कलाकृतीचा खरा रसिक तो, ज्याला जळमटं काढताना घरटं आणि जळमट यांतला फरक कळतो. तेवढं ओळखणाऱ्या शेतकऱ्याला फवाऱ्याचं दुकान बरंच कमी आठवेल.