नाक झाकणे आणि नाक घडवणे

टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी या मराठी गाडीवानाला पुण्याजवळ नवे नाक मिळाले, ही हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये छापली. शस्त्रक्रिया करणारा वीटकाम करणाऱ्या जातीतला होता. त्याचे नाव मात्र कुणी नोंदवले नाही. त्याने मेणाच्या पातळ पत्र्याचा साचा करून कपाळावर आखणी केली, रक्त पुरवणारा भुवयांमधला देठ राखून कातडी खाली फिरवली आणि साधारण पंचविसाव्या दिवशी देठ कापला. ही हकीकत वाचून शल्यविशारद कार्प्यूने १८१४ मध्ये लंडनमध्ये हाच प्रयोग केला. आज मेणाच्या जागी टाक्यांच्या पाकिटाचा चकचकीत कागद असतो आणि देठ बहुधा तीन आठवड्यांनी कापतात. मूळ कल्पना तीच आहे.

बदलली ती नाकाकडे पाहण्याची नजर. बर्जेट आणि मेनिक या शल्यविशारदांनी १९८५ मध्ये नाकाचे नऊ उपविभाग मानले. एखाद्या उपविभागाचा निम्म्याहून अधिक भाग गेला असेल तर उरलेला काढून तो सबंध नव्याने करावा, म्हणजे व्रण नैसर्गिक कडांवर लपतात, असे त्यांचे सांगणे. या विचाराने ठिगळासारखी दिसणारी नाके कमी झाली. पण नियमाचा धर्म झाला की निरोगी कातडीही विनाकारण जाते. तिथे तारतम्य हवे.

निवडीचा खरा पेच नाकाच्या खालच्या तृतीयांशात आहे. वरची कातडी पातळ आणि सैल असते, लहान जखम शेजारून सरकवून मिटते. शेंड्यावरची जाड, तेलकट आणि घट्ट चिकटलेली असते. इथे शल्यविशारद एसरने १९१८ मध्ये मांडलेला दोन पाळ्यांचा फ्लॅप, म्हणजे रक्तपुरवठा टिकवून शेजारून फिरवलेली कातडी, उपयोगी पडतो. झिटेलीने १९८९ मध्ये त्याचे एकूण वळण १८० अंशांवरून ९० ते १०० अंशांवर आणले, त्यामुळे त्याचे फुगणे आणि ओढ कमी झाली. दीड सेंटिमीटरपर्यंतच्या जखमेला तो शोभतो. त्याहून मोठ्या जखमेवर ताणला की नाकपुडीची कड वर खेचली जाते. गालाचा फ्लॅप नाकपुडीच्या पाळीला चांगला, पण जाड राहतो आणि गालाची घडी पुसतो. जखम मोठी असेल तर कपाळाच्या फ्लॅपला पर्याय क्वचितच असतो.

तरीही ‘एकाच बैठकीत काम’ हे आकर्षण सुटत नाही. रोजंदारी बुडणाऱ्या रुग्णाला देठ कापण्याची दुसरी शस्त्रक्रिया नको असते, हे समजण्यासारखे आहे. पण त्यासाठी आतले अस्तर आणि कूर्चेचा आधार वगळला, तर कातडी आकसते, नाकपुडी मिटते आणि श्वास अडतो. कर्करोग काढल्यावर कडा स्वच्छ असल्याचा अहवाल येण्याआधी फ्लॅप फिरवणे ही त्याहून मोठी चूक: उरलेला रोग नव्या कातडीखाली दडतो. अशा वेळी काही दिवस नुसते ड्रेसिंग ठेवणे हीच शहाणी शस्त्रक्रिया. तंबाखू ओढणाऱ्याच्या फ्लॅपला रक्तपुरवठ्याचा धोका असतो, त्याची कल्पना आधीच द्यायला हवी.

या कलेचे मूल्यमापन अजून समोरून काढलेल्या, टाके निघाल्यानंतरच्या छायाचित्रावर होते. ते पुरेसे नाही. खालून घेतलेले छायाचित्र, वर्षानंतरची कड आणि दोन्ही नाकपुड्यांतून चालणारा श्वास, या तिन्ही कसोट्यांवर उतरेल तेच नाक घडले म्हणावे. बाकीचे नुसते झाकलेले.